‘नाही’ कोणी म्हणायचं?

गोव्यातल्या डिचोलीच्या एका तरुण अभियंत्याने विचारलंय: “ताई, आम्ही तिघे मित्र मिळून पंचायतींसाठी व्हॉट्सॲपवर चालणारा एआय साहाय्यक बनवतोय. माणूस आपल्या कागदांचे फोटो पाठवतो. साहाय्यक ते वाचतो, कुठली सरकारी योजना लागू पडते ते सांगतो, अर्ज भरून देतो, आणि कागद एकमेकांशी जुळत नसले तर अर्ज तिथेच परत करतो. अचूकता ९६ टक्क्यांवर गेलीय. पण हे सगळं जबाबदारीने करायचं आहे. नैतिकतेची अशी एखादी चेकलिस्ट आहे का, की ती पूर्ण केली की आम्ही मोकळे?”

चेकलिस्टांना तोटा नाही. नीती आयोगाने फेब्रुवारी २०२१ मध्ये जबाबदार एआयची तत्त्वं मांडली. युरोपचा एआय कायदा १ ऑगस्ट २०२४ ला अमलात आला आणि टप्प्याटप्प्याने लागू होतोय. आपला वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. हे सगळं वाच, एखाद-दुसऱ्या रविवारचं काम आहे. ‘आम्ही मोकळे’ वाचून मला हसू आलं, आणि त्याच्या आधीचं एक वाक्य परत वाचलं तेव्हा ते गेलं. ‘कागद जुळत नसले तर अर्ज तिथेच परत करतो.’ पुढचं बहुतेक उत्तर या एका वाक्याबद्दल आहे.

कारण ते वाक्य मीही एकदा लिहिलं होतं, फक्त कोडमध्ये. पुण्यातून परत येऊन फोंड्याला बसले त्याला तेव्हा थोडेच दिवस झाले होते. एका संस्थेचं काम मिळालं: मदत घेणाऱ्या लोकांच्या दोन याद्या एकमेकींशी ताडून पाहायच्या. एआय हा शब्द तेव्हा कोणी उच्चारत नव्हतं, पण जात तीच. दोन नावं द्यायची, यंत्राने त्यांच्यातल्या सारखेपणाला शंभरपैकी गुण द्यायचे, ८० च्या खाली आले की ‘विसंगत’. आणि विसंगत ठरलं की त्या माणसाचे पैसे थांबायचे. थ्रेशोल्ड ८० का? मला गोल आकडा आवडला म्हणून. खरंच, दुसरं काही कारण नव्हतं.

आता गोव्यातली नावं बघ. तुझ्या आधार कार्डावर नाईक हे इंग्रजीत एन-ए-आय-के असं असेल. तुझ्या आजोबांच्या पोर्तुगीजांच्या काळातल्या कागदावर तेच एन-ए-आय-क्यू-यू-ई असू शकतं. एका नावाचं दुसरं करायला किती अक्षरं बदलावी लागतात ते मोजायची जी नेहमीची पद्धत, तिने हिशेब कर: सहा अक्षरांत तीन फरक. म्हणजे यंत्राच्या लेखी निम्मं नाव चुकलं. कामतांचं कामोतिम, शेणव्यांचं सिनाय, प्रभूंचं पोरोबो. त्या कामोतिमच्या शेवटचा ‘एम’ तर ‘म’ नाहीच, नाकातला स्वर दाखवायला पोर्तुगीजांनी लावलेली ती खूण. पेडणे, डिचोली, साखळी यांच्या इंग्रजी पाट्यांवर शेवटी जो एम दिसतो तोही तसलाच, आणि आपल्याकडे येणारा प्रत्येक पर्यटक त्याचा ‘म’ करून वाचतो. परप्रांतात तयार झालेलं मॉडेलही तसंच वाचणार. वर बायकांची नावं. लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत आपल्याकडे कित्येक घरांत होती. जन्माच्या दाखल्यावर एक, रेशन कार्डावर दुसरं, बँकेत नवऱ्याच्या नावासकट तिसरं. तिन्ही खरी. आणि गंमत म्हणजे एकाच तालुक्यातल्या दोन वेगळ्या सुनीता नाईकांना माझ्या प्रोग्रामने शंभरपैकी शंभर दिले असते.

सत्तरी तालुक्यातल्या एका आजीचे पैसे असे तीन महिने थांबले. पहिल्यांदा ती विचारायला आली तेव्हा खिडकीवर उत्तर मिळालं, ‘सिस्टीममध्ये एरर येता.’ दुसऱ्यांदा आली तेव्हा सांगितलं, नाव एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करून आणा. प्रतिज्ञापत्राचे पैसे, टायपिंगचे पैसे, वाळपईहून येण्याजाण्याचं तिकीट, आणि नातवाची एक दिवसाची मजुरी, कारण तिला एकटीला ते जमणारं नव्हतं. मला हे कळलं तेही अपघाताने, संस्थेतल्या कारकुनाबरोबर चहा पिताना. तो तक्रार करत नव्हता, किस्सा सांगत होता. त्याच आठवड्यात आम्ही जो अहवाल दिला होता त्यात एक ओळ ठळक अक्षरांत होती: ‘तक्रारी: शून्य.’ शून्यच असणार. तक्रार नोंदवायला आम्ही जागाच ठेवली नव्हती.

त्या दिवसापासून कुठलंही काम हातात आलं की मी पहिल्यांदा विचारते, यंत्र चुकलं की त्या चुकीचा खर्च कोण भरतो? अचूकता, मॉडेल, सर्व्हर हे नंतर. तुझ्या साहाय्यकाच्या बाबतीत उत्तर सरळ आहे. कागद चुकून ‘जुळत नाही’ ठरला तर तुझं काहीच जात नाही. पंचायतीचंही नाही. सगळा भुर्दंड त्या माणसाला, आणि तो आधीच योजनेच्या दारात उभा, म्हणजे ज्याला हा भुर्दंड सर्वांत जड तोच. तुझ्याकडे या चुकीचं बिल येत नाही, म्हणून ती तुला दिसत नाही. जबाबदारीने बांधणं म्हणजे मला तरी एवढंच समजलंय की ते बिल आपल्या टेबलावर येईल अशी व्यवस्था करायची.

यातून मी स्वतःपुरता एक नियम केलाय, आणि तो तू जसाच्या तसा घ्यावास असं मला वाटतं. यंत्राने ‘होय’ म्हटलं तर चालेल. ‘नाही’ माणसानेच म्हणायचं. कागद जुळले, पुढे जाऊ दे. नाही जुळले, तर अर्ज परत करू नकोस. तो ‘माणसाने बघायचा’ या रांगेत टाक, आणि अर्जदाराला सांग की तुमचा अर्ज घेतलाय, नावात फरक दिसतोय, अमुक माणूस अमुक दिवसापर्यंत बघेल, त्याचा फोन हा. दाखल होण्याची तारीख पहिलीच धरायची. हे शेवटचं विसरू नकोस, मुदती टळतात त्या इथेच.

यावर नेहमीचा आक्षेप: मग खोटे अर्ज आत घुसतील. घुसतील काही. पण खोटा अर्ज पुढच्या टप्प्यावर पकडता येतो, पैसे वसूल करता येतात, सरकारकडे त्यासाठी माणसं आणि कायदे आहेत. खऱ्या माणसाला चुकून हाकललं तर त्याच्या बाजूने कोण आहे? दोन्ही चुका टक्क्यांत सारख्या दिसल्या तरी वजनाने सारख्या नाहीत.

हे मी हवेत बोलत नाही. नेदरलँड्समध्ये मुलांच्या पाळणाघरासाठी मिळणाऱ्या अनुदानात घोटाळा शोधायला कर खात्याने जोखमीचे गुण देणारी प्रणाली लावली. त्यात अर्जदार डच नागरिक आहे की नाही हाही एक निकष होता. एखादी सही राहिली, एखादा आकडा चुकला, एवढ्यावर हजारो कुटुंबांकडून सगळी रक्कम परत मागितली गेली, कित्येकांकडून लाखांच्या हिशेबात. प्रकरण इतकं चिघळलं की १५ जानेवारी २०२१ ला तिथल्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. घोटाळेबाज सापडतील म्हणून ‘नाही’ स्वस्त केलं होतं, इतकंच झालं होतं तिथे.

ऑस्ट्रेलियातलं रोबोडेट प्रकरण मला याहून जवळचं वाटतं, कारण त्यात एआय नव्हतंच. होता तो साधा भागाकार. सरकारी भत्ता घेणाऱ्या माणसाचं वर्षाचं उत्पन्न कर खात्याकडून घ्यायचं, त्याला २६ पंधरवड्यांनी भागायचं, आणि त्या पंधरवड्यात त्याने सांगितलेल्या उत्पन्नाशी ताडायचं. फरक आला की तो ‘देणं लागतो’. आणि देणं लागत नसल्याचं सिद्ध करायचं काम कोणाचं? त्याचंच, कित्येक वर्षांपूर्वीच्या पगाराच्या पावत्या शोधून. त्यावर नेमलेल्या रॉयल कमिशनचा, म्हणजे चौकशी आयोगाचा, अहवाल जुलै २०२३ मध्ये आला आणि त्याने सगळी योजनाच फाडून काढली. हा भागाकार गोव्यात आणून बघ. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरच्या मासेमारीला बंदी, त्या ६१ दिवसांत ट्रॉलरवरच्या माणसाच्या हातात काय येतं? काजूचा हंगाम उन्हाळ्याचा. शॅकवरचा पोऱ्या पावसाळ्यात गावी. वर्षाच्या उत्पन्नाला बाराने भागून ‘मासिक उत्पन्न’ काढणारी एक ओळ तुझ्या कोडमध्ये कुठेतरी असणारच, गोवा सरकारच्या गृह आधारसारख्या योजनेला उत्पन्नाची मर्यादा असते म्हणून. आज रात्री ती ओळ शोध.

तिसरं उदाहरण ब्रिटनच्या टपाल खात्याचं. होरायझन नावाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये पोस्टमास्तरांच्या गल्ल्यात तूट दिसायची. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून जास्त पोस्टमास्तर चोरी आणि हिशेबातल्या लबाडीसाठी दोषी ठरले, काही तुरुंगात गेले. तूट सॉफ्टवेअरच्या दोषांमुळे असू शकते हे मान्य व्हायला दोन दशकं लागली, आणि शेवटी मे २०२४ मध्ये संसदेला कायदाच करून त्या शिक्षा पुसाव्या लागल्या. तिथल्या कायद्यात एक गृहीतक होतं: उलट सिद्ध होईपर्यंत संगणक बरोबर चालतोय असं मानायचं. आपल्याकडे हे गृहीतक कायद्यात शोधायची गरज नाही, ते प्रत्येक खिडकीवर बसलेलं असतं. ‘सिस्टीममध्ये एरर येता’ हे वाक्य ऐकणाऱ्याला कायम असंच ऐकू येतं, की चूक तुझी आहे.

आता ‘माणसाने बघायचं’ म्हणजे काय, यावर जरा थांबते, कारण इथे सगळेच फसवणूक करतात, बऱ्याचदा स्वतःची. रांगेत दोनशे अर्ज, प्रत्येकावर लाल अक्षरांत ‘विसंगत ५० टक्के’, आणि समोर संध्याकाळची कदंब बस पकडायची घाई असलेला एक कारकून. तो काय करणार? लाल ते नाकारणार. कागदोपत्री निर्णय माणसाचा, प्रत्यक्षात यंत्राचा, आणि वर दोष द्यायला एक माणूसही मिळाला. त्यामुळे पडद्यावर गुण आधी दाखवू नकोस. दोन्ही कागद शेजारी शेजारी दाखव, फरक जिथे आहे तिथे खूण कर, त्याला ठरवू दे, आणि मग हवं तर यंत्राचं मत दाखव. नाकारायचं असेल तर कारण एका ओळीत लिहायला लाव, मान्य करायला मात्र एकच बटण. मुद्दाम असं. आणि दर महिन्याला मोज: माणसाने यंत्राशी किती वेळा असहमती दाखवली? आकडा शून्य असेल तर तुझ्याकडे माणूस नाही, शिक्का आहे.

यंत्राने ‘होय’ म्हटलं तर चालेल असं मी वर म्हटलं, ते तेवढं खरं नाही. भाषेचं मॉडेल वापरतोयस, तेव्हा त्याचं ‘होय’ही कोणाच्या तरी खिशाला चाट लावू शकतं. ‘तुम्ही दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत बसता’ असं उत्तर मिळालेला काणकोणचा म्हातारा दुसऱ्या दिवशी पणजीची बस धरेल. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सांगितलं होतं की घरातल्या मृत्यूसाठी मिळणारी भाड्यातली सवलत प्रवासानंतरही मागता येते. नियम तसा नव्हता. प्रकरण ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणापुढे गेलं, तेव्हा कंपनीने युक्तिवाद काय केला माहितीय? चॅटबॉट ही वेगळी कायदेशीर व्यक्ती आहे, तिच्या बोलण्याला आम्ही बांधील नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने ते उडवून लावलं आणि पैसे भरायला लावले. रक्कम किरकोळ होती, पण निकाल प्रत्येक चॅटबॉटवाल्याने भिंतीवर लावण्यासारखा आहे.

तेव्हा योजनेचे नियम मॉडेलच्या आठवणीतून येऊ देऊ नकोस. मॉडेलला जे माहीत नसतं तेही ते त्याच ठाम आवाजात सांगतं, गावातल्या काही काकांसारखं. नियम तू राजपत्रातून आणि खात्याच्या परिपत्रकांतून स्वतः उतरवून ठेव, प्रत्येकावर तारीख घाल, आणि मॉडेलला काम दे ते फक्त प्रश्न समजून घेऊन योग्य परिच्छेद पुढे करण्याचं. उत्तराखाली तो परिच्छेद आणि त्याची तारीख दिसली पाहिजे. पात्र की अपात्र हे गणित साध्या नियमांनी कर, तिथे मॉडेल नकोच. आणि मॉडेल पुरवणारी कंपनी गुपचूप आवृत्ती बदलते तेव्हा काल बरोबर आलेलं उत्तर आज चुकू शकतं. म्हणून आवृत्ती बांधून ठेव, आणि खऱ्या माणसांनी विचारलेले शंभर-दीडशे प्रश्न जमवून प्रत्येक बदलानंतर सगळे पुन्हा चालव. कंटाळवाणं काम आहे. या धंद्यातलं बहुतेक नीतिशास्त्र असंच कंटाळवाणं असतं.

तुझ्या ९६ कडे येते. बाकीचे चार कोण? हा आकडा तू कुठल्या कागदांवर काढलास? तुझ्या आणि मित्रांच्या घरचे असतील तर ते नीट स्कॅन केलेले, इंग्रजी छापील, गेल्या दहा-पंधरा वर्षांतले. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोघींनी २०१८ मध्ये चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या नामांकित प्रणाली तपासल्या. उजळ कातडीच्या पुरुषांत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, सावळ्या-काळ्या बायकांत ३४.७ टक्क्यांपर्यंत. त्याच प्रणाली, तीच चाचणी. सरासरी काढली असती तर कोणाला काही दिसलं नसतं. तुझे चार टक्के सगळ्या गोव्यात सारखे पसरलेले नसणार. ते साठीच्या पुढच्या लोकांत असतील, नव्या काबिजादींच्या, म्हणजे पोर्तुगीजांनी मागाहून घेतलेल्या तालुक्यांत असतील, नाव बदललेल्या बायकांत असतील, आणि जुन्या हस्ताक्षरातल्या कागदांत. पावसाळ्यात कपाटात बुरशी धरलेला दाखला, घडीवर फाटून सेलोटेप लावलेला जमिनीचा एक-चौदाचा उतारा, जपून ठेवायचा म्हणून लॅमिनेट केलेला आणि त्यामुळे फोटोत चकाकणारा जन्मदाखला, असे कागद गोळा कर. सत्तरी, सांगे, केपे, धारबांदोडा इथले वेगळे, तिसवाडी-बार्देशचे वेगळे. अचूकता तालुक्यागणिक, वयागणिक, बाई-पुरुष अशी वेगळी काढ, आणि त्यातला सगळ्यात वाईट आकडा तुझ्या माहितीपत्रकावर छाप. सरासरी नको.

बोटांच्या ठशांचा विचार तुमच्या डोक्यात असेल तर (असतोच, कधी ना कधी येतो) काजूच्या कारखान्यात सोलायला बसणाऱ्या बायकांचे हात एकदा बघून ये. टरफलातलं तेल कातडी जाळतं. ठसे राहत नाहीत.

भाषेबद्दल खूप बोलता येईल, पण एकच शब्द घेते. आपल्याकडे आरती मराठीत आणि भांडण कोंकणीत, एकाच घरात. व्हॉट्सॲपवर लिहिताना माणूस दोन्ही मिसळतो, बरेचदा रोमी अक्षरांत. दोन्ही देवनागरीत लिहिल्या तर यंत्र कोंकणीला बिनदिक्कत मराठी समजतं. आता तुझ्या साहाय्यकाने विचारलं, ‘तुमचे कागद आम्ही जपून ठेवू का?’ आणि पलीकडून उत्तर आलं, ‘म्हाका नाका’. कोंकणीत हा साफ नकार आहे. मराठी समजून वाचणाऱ्या यंत्राला त्यात चेकनाका दिसू शकतो. मी एका प्रणालीत असंच बघितलंय: ‘नाका’ न कळल्यामुळे तिने प्रश्न दोनदा पुन्हा विचारला आणि तिसऱ्यांदा गप्प राहिलेल्या माणसाची संमती गृहीत धरली. ज्या यंत्राला नकार कळत नाही, त्याने घेतलेली संमती ही संमतीच नव्हे.

आणि हे माझं मत म्हणून सोडून देऊ नकोस, कायद्याशीही त्याचा संबंध आहे. २०२३ च्या कायद्याप्रमाणे संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागते. मराठी त्यात पहिल्यापासून आहे, कोंकणी १९९२ पासून. संमती मागे घेणंही देण्याइतकंच सोपं हवं. बहुतेक जबाबदाऱ्यांना नियम निघाल्यापासून १८ महिन्यांची मुदत आहे आणि दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. तुमच्यासारख्या तिघांना तो आकडा विनोदी वाटेल. वाटू दे, पण सूचना दोन्ही भाषांत आजच लिही, आणि ती बोलून ऐकवायची सोय ठेव. ज्यांना तिची सर्वांत गरज, त्यातल्या अनेकांना वाचता येत नाही.

कागदांच्या फोटोंचं काय करता? अर्ज दाखल झाला, पावती मिळाली, की मूळ फोटो पुसा. पावतीचा नंबर पुरतो. आधारची पहिले आठ आकडे झाकलेली प्रत आधार देणाऱ्या यूआयडीएआयकडूनच मिळते, जिथे चालते तिथे तीच मागा. फोटो मॉडेलकडे पाठवताय तर तो कुठल्या सर्व्हरवर जातो, किती दिवस राहतो, पुढच्या प्रशिक्षणात वापरला जातो का, हे करारात वाचा, जाहिरातीत नाही.

‘आम्ही नावं काढून टाकतो, म्हणजे डेटा निनावी’ हे मात्र मला सांगू नकोस. गोव्यात १९१ पंचायती. त्यातल्या एखाद्या वाड्यावर चाळीस घरं. ‘वय ५५ ते ६०, विधवा, मूल अपंग, वाडा अमुक’ एवढं लिहिलं की नाव लिहायची गरज कोणाला? मुंबईत जे निनावी राहतं ते आमच्याकडे तिन्हीसांजेच्या आत तिठ्यावर पोचतं. म्हणून अहवाल पंचायतीच्या पातळीवर द्यायचे तरी दहाच्या खालचा आकडा ‘दहापेक्षा कमी’ असाच दाखव. आणि एक दिवस एखादा पंच येऊन गोड बोलून विचारणार आहे, ‘आमच्या वॉर्डातून अर्ज कोणी कोणी केला, तेवढी यादी दे रे.’ निवडणुकीच्या आधी तर हमखास. त्या दिवशी तुला नाही म्हणता येणार नाही, तो तुझ्या वडिलांच्या ओळखीचा असणार. म्हणून ती यादी काढताच येणार नाही अशी प्रणाली आज बांध. ‘पात्राव, सिस्टीममध्ये ती सोयच ना’ हे खरं असलं की बोलणं सोपं जातं.

शेवटी पैसा, आणि याबद्दल तत्त्वांच्या पुस्तकांत फार लिहिलेलं नसतं. करारात तुम्हाला पैसे कशाचे मिळणार ते बघ. ‘निकाली काढलेल्या’ प्रत्येक अर्जामागे मिळणार असतील तर नाकारणं हा निकाली काढायचा सर्वांत झटपट मार्ग आहे, आणि तुम्ही कितीही सज्जन असलात तरी सहा महिन्यांत तुमचं कोड त्या दिशेला वळलेलं असेल. ती अट बदलून घ्या, नाही बदलली तर काम सोडा. दुसरं, प्रणाली बंद करायचं बटण पंचायत सचिवाच्या हातात द्या आणि बंद असताना कागदी अर्ज चालू राहील असं लेखी घ्या. तिसरं, बजेटमध्ये पहिली ओळ फोन उचलणाऱ्या माणसाच्या पगाराची, सर्व्हरची दुसरी. हा माणूस तुमच्यापैकीच कोणी एक असला तर सुरुवातीला उत्तमच, आठवड्यातून एक दिवस आळीपाळीने बसा. पहिल्या महिन्यात जे कळेल ते कुठल्याही चाचणीत कळणार नाही.

सुरुवात एकाच पंचायतीत कर, आणि चवथीच्या तोंडावर नको. तेव्हा कचेरीत कोणी भेटत नाही आणि लोकांच्या हातात वेळ नसतो.

माझ्याकडे एका जुन्या बुटांच्या खोक्यात तसल्या त्रासदायक कागदांच्या प्रती आहेत, ज्यांचे त्यांची परवानगी घेऊन आणि नंबर खोडून ठेवलेल्या. त्यात त्या आजीचे दोन्ही कागद आहेत, क्यू-यू-ईवाला आणि केवाला. तिचे थांबलेले पैसे नंतर मिळाले, प्रतिज्ञापत्राचे आणि बसचे मिळाले नाहीत. फोंड्याला येशील तेव्हा खोकं घेऊन जा आणि तुझ्या साहाय्यकावर चालवून बघ. त्याआधी एवढंच कळव, की अर्जाच्या पावतीवर तळाशी कोणाचा फोन नंबर छापणार आहेस.